खंडेरावांचं पान

१

मृण्मयीचा खालचा पुढचा दात नवरात्रात हलायला लागला, आणि जून उजाडला तरी तो हलतच होता.

ज्या घरात लहान मुलाचा हलणारा दात असतो त्या घराला शांतता ठाऊक नसते. जेवताना दात, अभ्यासाला बसवलं की दात, मी फोनवर महत्त्वाचं काही बोलत असले की शेजारी उभं राहून जिभेनं ढकलून दाखवायचा दात. "आई, बघ ना, किती हलतोय!" "बघितला." "नाही, नीट बघ." पडलेला दात ठेवायला तिनं एक काडेपेटी रिकामी करून आत कापूस भरला होता. ती काडेपेटी आठ महिने फ्रिजवर होती. धूळ पुसताना मी दर वेळी ती उचलायचे आणि दर वेळी चिडायचे.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मी गणवेश बाहेर काढला. स्कर्ट आखूड झाला असणार, खालची दुमड उसवावी लागणार, म्हणून सुईदोरा घेऊनच बसले. स्कर्ट बरोबर गुडघ्यावर आला. बूटही बसले. "बरं झालं, एक काम वाचलं," असं मी चक्क मोठ्यानं म्हणाले.

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. दर वर्षी बूट बदलावे लागणारी मुलगी ही. पण त्या दिवशी पाण्याचा टँकर यायचा होता, पंचवटीतला आमचा रस्ता कुंभमेळ्याच्या कामासाठी तिसऱ्यांदा खणून ठेवला होता, आणि माझं पुस्तक तीन महिने एका पानावर अडून बसलं होतं. खटकून घ्यायलाही सवड लागते.

२

मी मुलांसाठी पुस्तकं लिहिते. खरं सांगायचं तर एकच पुस्तक बारा वेळा लिहिलंय. 'काजळगढी' हे त्या मालिकेचं नाव. डोंगरात एक काळी गढी, तिच्यात अडकलेली चार भावंडं: चिमाजी, मल्हारी, भिका आणि सगळ्यांत धाकटी कुसा. दर भागात त्यांना एक नवं दालन सापडतं, दालनात काहीतरी भयंकर निघतं, पोरं कशीबशी निसटतात आणि शेवटच्या पानावर आणखी एक दार करकरतं. दर दसऱ्याला एक भाग. मुलांना वेड लागलंय. मला स्वतःला सातव्या भागातच वीट आला होता, पण प्रकाशनातली माझी संपादक तृप्ती उत्साहानं नुसती उतू जाते. "मॅडम, तेरावा भाग! भीतीच्या पुस्तकाला याहून चांगला आकडा असतो का?" तिच्यापुढे कोणाचं काय चालणार?

वाचक तर तिच्याही वरताण. देवळ्याच्या एका आयुषनं सुनावलं होतं, "मी पहिला भाग चौथीत वाचला, आता माझं कॉलेज संपत आलं. चिमाजी अजून अकराच वर्षांचा कसा?" याचं उत्तर मी तिसऱ्या भागातच देऊन ठेवलंय. मुलांची वयं वाढवत नेली असती तर चौदाव्या-पंधराव्या भागात चिमाजीसाठी मुली बघाव्या लागल्या असत्या. म्हणून मी गढीच्या दारावर एक ओळ कोरून टाकली: इथे वय वाढत नाही. एका ओळीत बारा वर्षांची कटकट मिटली. लेखकाला अशा ओळीचा फार आनंद होतो.

आता नावांचं. माझे सासरे, नाना, हे रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. बाहेरगावाहून आलेला यजमान आपलं गाव आणि आडनाव सांगतो, नाना लांबलचक वही उघडतात आणि त्याच्या पणजोबाची सही त्याच्यापुढे ठेवतात. मग यजमान खाली स्वतःच्या हातानं लिहितो: कोण आलं, कोण जन्मलं, कोण गेलं. याला नामावळी म्हणतात. एकेका घराण्याचं एकेक पान. आता नाना चौऱ्याऐंशीचे, गुडघे गेलेले, त्यामुळे वह्या घरीच लोखंडी कपाटात आहेत आणि यजमान लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर येतात. त्या लिफ्टला अजून ओढायची जाळी आहे. ती खडखडली की आमच्या घरातल्या भिंतीतून आवाज येतो.

पहिला भाग लिहिताना मला जुनी, वापरून गुळगुळीत न झालेली नावं हवी होती. नाना दुपारचे झोपले होते. मी एक वही काढली आणि मध्येच एक पान उघडलं. वऱ्हाडातलं कुठलंसं गाव. आश्विन शुद्ध दशमी, शके १८४०. "खंडेराव, सहकुटुंब," आणि खाली चार मुलांची नावं. त्यापुढे पान कोरं. शंभर वर्षांत कोणीही आलेलं नाही. बाईचं तर नावच नाही, नुसतं "सहकुटुंब." त्याचा मला रागही आला होता. पण नावं झकास होती. मी चारही उचलली.

नानांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "यजमानाचं नाव उसनं घेत नसतात, यशश्री."

"कोण विचारायला येणार आहे, नाना? पान बंद आहे."

"त्या साली तापाच्या साथीत पुष्कळ पानं बंद झाली," एवढंच ते म्हणाले.

३

पाचवं मूल मी गोष्टीत घातलं ते बाराव्या भागात. तृप्तीला 'नवा चेहरा' हवा होता आणि मृण्मयीनं "मला तुझ्या पुस्तकात घाल" म्हणून वर्षभर डोकं खाल्लं होतं. निदान नाव बदलायचं होतं. तेही बदललं की ती रुसायची. शेवटी वैतागून मी मृण्मयीला मृण्मयी म्हणूनच गढीत पाठवलं. गेल्या दसऱ्याला पुस्तक आलं. दर वर्षीप्रमाणे पहिली प्रत नानांच्या वह्यांवर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि पुरणाकडे वळले.

दात हलायला लागला तो त्याच आठवड्यात. हा हिशेब मी जूनमध्ये केला आणि लगेच स्वतःवर चिडले. लहान मुलांना भिववून पोट भरणारी बाई स्वतःच भ्यायला लागली तर जग हसेल.

पण मग मी नानांच्या खोलीच्या चौकटीपाशी गेले. तिथे मृण्मयीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, दर दसऱ्याला एक. तिला उभं केलं, डोक्यावर पुस्तक आडवं धरलं. पुस्तक गेल्या दसऱ्याच्या रेघेवर टेकलं. वर नाही, खाली नाही.

"सरळ उभी राहा."

"आई, मी सरळच आहे!"

नखं कापायला घेतली तर कापण्यासारखी नव्हती. याआधी कधी कापली होती ते आठवायचा प्रयत्न केला. घट बसायच्या आदल्या दिवशी कापल्याचं आठवलं. त्यानंतर नाही.

माझा नवरा देवव्रत सातपूरला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मापात चूक शोधण्याचाच त्याला पगार मिळतो. "पुस्तकानं काय मोजतेस?" म्हणत त्यानं कंपनीची पोलादी टेप आणि काटकोन धरायचा गुण्या आणला आणि तिला तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर त्यानं टेप गुंडाळली, परत सोडली, परत गुंडाळली.

"अगं, मुलं कधी कधी थांबतात. मग एकदम वाढतात."

"आणि दात?"

दाताच्या डॉक्टरांनी नोव्हेंबरात सांगितलं होतं, "पडेल हं, उद्या-परवा पडेल. ओढू नका." आता त्यांनी नोव्हेंबरचा आणि नवा असे दोन्ही एक्स-रे उजेडाला धरले, मागेपुढे केले, नावं तपासली. खालचा नवा दात तयार होता आणि केसभरही वर सरकला नव्हता. "पडेल," ते पुन्हा म्हणाले, पण "उद्या-परवा" या वेळी म्हणाले नाहीत. मुलांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं उत्तम आलं, सहा महिन्यांनी बोलावलं.

घरी येताना मृण्मयी स्कूटरवर माझ्या पुढ्यात उभी होती. तिच्या केसांचा वास नाकात जात होता. ही आठ वर्षांचीच राहिली तर, असं माझ्या मनात आलं, आणि मला इतकं भरून आलं की रामवाडीच्या पुलापाशी गाडी बाजूला घ्यावी लागली. जगातल्या सगळ्या आया म्हणतात, इतकी लवकर मोठी होऊ नकोस ग. मीही म्हणाले होते. कितीदा तरी.

४

मग मी केलं ते एखाद्या खुळ्या बाईनंच करावं. दार बंद करून बसले आणि तेराव्या भागाचं पहिलं प्रकरण नव्यानं लिहिलं. गढीच्या मागच्या भिंतीला भगदाड पडतं, मृण्मयी त्यातून बाहेर पडते, खाली रस्ता, रस्त्यावर एसटी, ती घरी जाते आणि परत कधीही येत नाही. तीन पानांत तिची पाठवणी केली. इतकं घाईचं, इतकं वाईट मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

तृप्तीचा फोन तासाभरात आला. "मॅडम, हे काय! ती सगळ्यांची आवडती आहे. पहिल्याच प्रकरणात एसटीत बसवली?"

"हो."

"गॉथिक गोष्टीत एसटी?"

"लाल डबा. खिडकीची काच फुटलेली. याहून भयंकर काय पाहिजे तुला?"

"मॅडम, तुम्ही थकलाय का?"

"तृप्ती, हे प्रकरण बदललं तर तेरावा भाग विसर," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

चार दिवस रोज सकाळी मी तिचा दात बघत होते. ती चकित झाली, कारण आता मीच तिच्या मागे लागले होते. दात हलत होता. पाचव्या दिवशी चौकटीला उभी केली. पुस्तक त्याच रेघेवर टेकलं.

मी मलाच समजावलं: हा कागद आहे, ती हाडामांसाची मुलगी आहे, यांचा संबंध नाही. संबंध नाही, तर मग इतके दिवस मी घाबरले ते फुकट. फार बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

५

सहाव्या दिवशी सकाळी नाना चहा पीत होते. नानांना कालचं जेवण आठवत नाही, पण चारशे घराण्यांच्या पाच-पाच पिढ्या मुखोद्गत.

"मृण्मयी सांगत होती, तू तिला पुस्तकातून घरी पाठवलीस."

"हो, नाना."

"मग वहीत काय करायचं?"

"कुठल्या वहीत?"

"खंडेरावांच्या. तिथे तिचं नाव लागलंय ना."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. "कोणी लावलं?"

"कोणी म्हणजे? यजमान स्वतःच्या हातानं लिहितात. मी कशाला लिहू?" नाना वैतागले. "चौघं पोरं येतात. दर दसऱ्याला. तू आत पुरण वाटत असतेस. बरोबर मोठं माणूस नसतं, म्हणून मी दर वर्षी रागावतो. नुसत्या पोरांच्या शब्दावर पान पुढे नेता येत नाही. विचारलं की म्हणतात, आमच्या बाई आत आहेत."

मी स्वतः कपाट उघडलं. बासनाची गाठ सुटेना, दातांनी सोडवली. वर्षानुवर्षं ही वही मी उघडली नव्हती. उघडायची वेळच येत नव्हती.

शके १८४० च्या ओळी होत्या तशाच होत्या, तपकिरी झालेल्या. त्याखाली, जिथे मी कोरं पान पाहिलं होतं, तिथे नानांच्या निळ्या बॉलपेननं ओळी होत्या. आश्विन शुद्ध दशमी. चौघे आलो. आश्विन शुद्ध दशमी. चौघे आलो. अशा अकरा. अक्षर पाटीवर नुकतं लिहायला शिकलेल्या मुलाचं, मोठं, दाबून काढलेलं. अकरा वर्षांत ते अक्षर जराही सुधारलं नव्हतं.

बारावी ओळ: पाच आलो. आणि तिच्याखाली 'मृण्मयी.' हे मात्र तिचंच अक्षर, य ची शेपटी लांब ओढलेली.

मी खुर्चीत बसले. माझं डोकं अजून भांडत होतं. नाना विसरतात, नानांनी स्वतःच डाव्या हातानं लिहिलं असेल. त्यांनी माझी पुस्तकं वाचलीत, त्यांच्या मनात पोरं घुसली असतील. नातीला हाताशी धरून सही करायला लावली असेल. सगळं जमत होतं. मी मृण्मयीला हाक मारली.

"तू नानांच्या वहीत नाव लिहिलंस?"

"हो. नाना म्हणाले, पाहुण्यांबरोबर बस."

"कोण पाहुणे?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्याकडे काडेपेटी उचलताना बघते. "अगं आई, तुझीच मुलं."

मी पान फाडायला हात घातला. नानांनी माझं मनगट धरलं. चौऱ्याऐंशीच्या माणसात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"त्यांचं काय होईल ते होवो. पण तुझ्या लेकीचं नावही त्याच कागदावर आहे, एवढं ध्यानात घे."

"मग खोडते नाव."

"वहीत खाडाखोड नाही. आमच्या सात पिढ्यांत नाही." त्यांनी वही आपल्याकडे ओढली. "एखाद्याचं नाव चुकून भलत्या पानावर लागतं, लागत नाही असं नाही. मग ज्याच्या चुकीनं लागलं त्यानं यायचं, खाली स्वतःच्या हातानं तसं लिहायचं आणि सही करायची. म्हणजे त्या नावाची सुटका. पान मग सही करणाऱ्याच्या माथी."

"माथी म्हणजे काय, नाना?"

"म्हणजे ते पान त्यानं सांभाळायचं," नाना म्हणाले. "आणि यजमान समोर पाहिजेत. मी निरोप धाडतो."

कसा धाडणार होते, ते मी विचारलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी स्वयंपाकघरात दाण्याचे लाडू वळत होते. कामाला हात लागला की डोकं जागेवर राहतं, असं माझी आई म्हणायची. रस्त्यावर खोदकामाचं यंत्र घरघरत होतं. तेवढ्यात ते थांबलं, आणि खालच्या मजल्यावर लिफ्टची जाळी खडखडली.

लिफ्ट वर आली. आमच्या मजल्यावर जाळी उघडली, बंद झाली. बेल वाजली नाही.

"या," बाहेरच्या खोलीतून नानांचा आवाज आला. "चपला बाहेर. बाहेर म्हटलं ना, दर वर्षी तेच सांगायचं का? बसा."

दुसरा कोणताही आवाज नव्हता. नाना थांबायचे, ऐकायचे, आणि "हं" म्हणायचे. फोनवरच्या माणसाचं एका बाजूचं बोलणं कानावर यावं, तसं.

मी लाडवांचं ताट घेऊनच बाहेर आले. का घेतलं, माहीत नाही. पाहुणे आले की हात आपोआप उचलतो. दार सताड उघडं. उंबऱ्याबाहेर काहीच नव्हतं. खोलीत सतरंजी अंथरलेली, नाना चौरंगापाशी, वही उघडी. आणि मृण्मयी सतरंजीच्या अगदी टोकाला, अर्धी फरशीवर आलेली, अंग चोरून बसली होती. बाकीची सगळी सतरंजी रिकामी होती.

"नीट बस की वर," मी म्हणाले.

"जागा नाहीये, आई."

तिचा डावा हात बाजूला लांबलेला होता, तळवा अर्धवट मिटलेला. तिचा हात कुणीतरी धरलेला होता.

"आल्या बघा तुमच्या बाई," नाना समोर बघत म्हणाले.

मृण्मयीनं मान कलती केली, काहीतरी ऐकलं, आणि मला सांगितलं, "आई, ते म्हणतात, एसटीचं खोटं होतं. ते म्हणतात, या दसऱ्याला मी त्यांच्याबरोबरच परत जायचं. जाऊ?"

किती सहज विचारलं तिनं. मैत्रिणीकडे खेळायला जाऊ का, इतकं सहज. मला वाटलं होतं अशा वेळी मी किंचाळेन. मला प्रचंड राग आला, एवढंच. त्यांचा नव्हे. माझाच. बारा वर्षं या चौघांना मी अंधारात कोंडलं, दर वर्षी नवं दालन दाखवलं, दार दाखवलं आणि शेवटच्या पानावर ते लावून घेतलं. घरी न्यायला कोणी येईल असं एकदाही लिहिलं नाही.

"तू कुठेही जायचं नाहीस," मी म्हणाले, आणि ताट खाली ठेवून पुढे झाले.

मी चौरंगाकडे गेले तशी सतरंजीची जवळची कड हलली. तिथे एक चुणी पडली होती, ती सरळ झाली, आणि कापड थोडं आत ओढलं गेलं. कोणीतरी सरकून मला बसायला जागा करून दिली होती.

मी तिथे बसले. उजव्या बाजूला वळून पाहिलं नाही.

पेन घेतलं. वही जवळ ओढताना पानाची कड उजव्या हाताच्या पहिल्या बोटात घुसली, चांगली खोल. रक्ताचा एक ठिपका "सहकुटुंब"वर पडला. मी लिहिलं: मृण्मयी आमच्या पानावरची. इथे माझ्या चुकीनं आली. ही चार मुलं माझी. सही केली. वाचक मुलांना पुस्तकावर देते तीच सही, तीच खालची रेघ. दुसरी मला येत नाही.

नानांनी वाचलं. चष्मा काढला. "यशश्री," ते म्हणाले, "शेवटचं वाक्य लिहायला मी सांगितलं नव्हतं."

"त्याशिवाय खरं झालं नसतं, नाना."

मृण्मयीचा हात टपकन मांडीवर पडला. मग जाळी खडखडली आणि लिफ्ट खाली गेली. ताटात मी अकरा लाडू आणले होते. सात उरले होते.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यासाठी केलेली पोळी चावताना दात निघाला. मृण्मयीनं घर डोक्यावर घेतलं. आठ महिन्यांनी काडेपेटी कामाला आली, आणि मग नानांच्या सांगण्यावरून दात गच्चीवर भिरकावला. तो टाकीवर टणकन वाजला. देवव्रत कामावर जायचा थांबला आणि तिला कडेवर घेऊन नाचला. मी मोरीत नळ मोठा सोडून रडले.

महिनाभरात स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला. बूट चावायला लागले. दसऱ्याला चौकटीवर रेघ मारली ती चार बोटं वर. तेरावा भाग आला. त्यात एसटीचं प्रकरण तसंच आहे, आणि मृण्मयी परत येत नाही. तृप्ती अजून माझ्याशी तुटक बोलते. वाचकांची रागाची पत्रं येतात. येऊ देत.

आमच्या इमारतीखाली सायखेड्याच्या हर्षालीचं पार्लर आहे. दर महिन्याला तिच्याकडे केस रंगवायला जायचे, पण यंदा जूननंतर जायचं राहूनच गेलं होतं. दिवाळीच्या आधी गेले तर तिनं भांग इकडून तिकडून पाडून बघितला आणि हात कमरेवर ठेवले.

"ताई, जूनमधे केले व्हते ना? मुळाशी पांढरं यायला पायजे आता. तुमचं आलंच नाय. कोणतं तेल लावता?"

"कोणतंच नाही."

"मग लय नशीबवान हाय तुम्ही. मी सांगते सगळ्या बायांना, यशश्रीताईंचं वयच वाढत नाय."

मी केस न रंगवताच उठले. घरी आले आणि बोटाची पट्टी काढली. जूनमधली ती चीर अजून ताजी आहे. वाहत नाही, दुखत नाही, भरत नाही. देवव्रतला दिसू नये म्हणून मी रोज नवी पट्टी लावते. काही दिवसांनी त्याच्या लक्षात येईलच. मोजमापं घेणारा माणूस आहे तो. मृण्मयी माझ्या खांद्याला लागेल, मग डोक्याला, मग एक दिवस आम्ही दोघी बहिणी दिसू, आणि त्यानंतरचं मी मोजत नाही. ती मोठी होतेय. बास.

दुपारी जाळी खडखडली की आता मीच उठते. आता दसऱ्यापुरतं राहिलेलं नाही. नाही उठलं तर दारावर नखांनी कुरतडत बसतात आणि नानांची झोपमोड होते. "चपला बाहेर," मी म्हणते. "भांडायचं नाही. एकेकानं." मी त्यांच्याकडे बघत नाही, तेवढं ठरवून टाकलंय. पाण्याचे चार पेले भरून ठेवते, पाठ करून लिहायला बसते, आणि मागे पेले रिकामे होतात.

काल मी अशीच पाठमोरी बसले होते. कोणीतरी माझा पदर ओढला, अगदी खालून. मग एका लहानशा हातानं माझं बोट धरलं, नेमकं तेच, पट्टीचं. हात गार होता. त्यानं माझं बोट खाली नेलं, आणि बोटाला ओठ लागले, ओलसर, आणि मग एक बारीकसा दात. खालचा, पुढचा. त्यानं बोट दाताला लावून धरलं, मला कळावं म्हणून. दात हलत होता.

कुसा सहा वर्षांची. मीच लिहिलंय.

मग डॉक्टर बोलले होते तेच बोलले.

"पडेल हं," मी म्हणाले. "उद्या-परवा पडेल."